फ्लुइड प्रॉपर्टीजचं व्हिडिओ लेक्चर: व्हिस्कॉसिटीसाठी बघाच

सिव्हिलवाल्यांनो, व्हिस्कॉसिटीचा (म्हणजे लिक्विड-गॅसच्या वाहण्याला आतूनच होणाऱ्या विरोधाचा) भाग तरी बघाच. दोन प्लेट्समध्ये तेल, वरची प्लेट सरकतेय आणि थराथरात वेग कसा बदलत जातो हे ॲनिमेशनमध्ये इतकं क्लिअर दाखवलंय की न्यूटनचा व्हिस्कॉसिटीचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही, शिवाय तापवल्यावर लिक्विडची व्हिस्कॉसिटी कमी होते पण गॅसची वाढते, कारण गॅसच्या रेणूंची एका थरातून दुसऱ्या थरात ये-जा वाढते, हेही नीट सांगितलंय. डेन्सिटी (घनता), युनिट वेट (एकक आकारमानाचं वजन) झटपट उरकलंय, चालतंय, पाण्याची डेन्सिटी १००० किलो प्रति घनमीटर हे कोणाला माहीत नसतं! कॅपिलॅरिटी (बारीक नळीत लिक्विड आपोआप चढणं-उतरणं) मात्र पार गंडलीय. काचेच्या नळीत पाणी चढतं, पारा उतरतो एवढं दाखवून पुढे पळालेत, कॉन्टॅक्ट अँगलचं (लिक्विड नळीच्या भिंतीला ज्या कोनात टेकतं त्याचं) नावच नाही. आणि व्हिस्कॉसिटीच्या एककांत १० पॉइज म्हणजे १ पास्कल-सेकंद, हे न्यूमेरिकलच्या आधी सांगा ना राव!