एसआरजीबी की पी३: पडदा कोणता घ्यावा?

एसआरजीबी आणि पी३ म्हणजे पडदा किती रंग दाखवू शकतो याच्या दोन ठरलेल्या मर्यादा; पी३ची जास्त मोठी. झेंडूच्या तोरणाचा एकच फोटो दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी लावून पाहा. एसआरजीबीवर गडद केशरी पाकळ्या एकमेकींत मिसळून सपाट डाग होतो. पी३वर पाकळीची कड न् कड सुटी दिसते. अर्थात, ते रंग फोटोत मुळात टिपलेले हवेत. सीआयई या प्रकाश आणि रंगांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१च्या आलेखात, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशात, एसआरजीबी सुमारे ३६ टक्के भाग व्यापतो, पी३ सुमारे ४५. पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन दिव्यांचा या आलेखावर त्रिकोण होतो; त्यात सगळे रंग बसतच नाहीत, कारण डोळ्याला दिसणाऱ्या रंगांची सीमा घोड्याच्या नालासारखी वक्र आहे. मात्र पी३ एकटाच समोर असला की डोळा लवकर सरावतो आणि फरक जाणवेनासा होतो. फोटोचं काम करत असाल तर पी३च घ्या. पत्रं, हिशेब, बातम्यांसाठी नीट कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून अचूक जुळवलेला एसआरजीबी मला जास्त मोलाचा वाटतो.