इन्स्टंट गीझर की स्टोरेज? आधी व्होल्ट आणि अँपिअर मांडून बघा

दुकानात किंमत आणि लिटर लगेच सांगतात. वॅटचा आकडा निघतो तो विचारल्यावरच. निवड मात्र त्यावरच ठरते, आणि तो आकडा आपल्या घरच्या व्होल्टेजला व वायरिंगला लावून बघावा लागतो. सूत्रं शाळेतलीच: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, आणि व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, अर्थात रोध. गीझरला ती जशीच्या तशी लागू पडतात. पंखा, फ्रिज यांच्यात मोटर असल्याने तिथे नुसत्या गुणाकाराने खरे वॅट मिळत नाहीत.

डब्यावरचे वॅट २३० व्होल्ट धरून छापलेले असतात. ३००० वॅटचा इन्स्टंट, म्हणजे पाणी वाहतावाहता तापवणारा, त्या हिशोबाने १३ अँपिअर घेतो. २३० ला १३ ने भागलं की त्याच्या कॉइलचा रोध निघतो, साधारण १७.६ ओहम. २००० वॅटचा, १५ लिटरचा स्टोरेज, म्हणजे टाकीत पाणी तापवून साठवणारा, घेतो ८.७ अँपिअर, म्हणजे रोध २६.५ ओहमच्या आसपास. ताकद जास्त तिथे रोध कमी, हे पुष्कळांना उलटं वाटतं.

आता सकाळी सातला, सगळी बिल्डिंग पाणी तापवत असताना, तुमच्या पॉइंटवर २३० व्होल्ट येतात का? गावाकडे आणि जुन्या लाईनवर १९० सुद्धा दिसतात. कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो, त्यामुळे व्होल्टेज घटलं की करंटही घटतो आणि वॅट दुहेरी मार खातात. १९० ला १७.६ ने भागा: १०.८ अँपिअर. पुन्हा १९० ने गुणा: जेमतेम २०५० वॅट. तीन हजारांचे पैसे मोजून घरी दोन हजारांचं यंत्र आलं. स्टोरेजही याच हिशोबाने १३६५ वॅटवर येतो, पण त्याचं दुखणं वेगळं आहे.

२० अंशांचं नळाचं पाणी ४० अंशांपर्यंत न्यायचं, तर पूर्ण ३००० वॅटला मिनिटाला सव्वादोन लिटरहून थोडं कमीच पाणी तापतं. पंधरा लिटरची बादली सात मिनिटांत. १९० व्होल्टला तीच बादली दहा मिनिटांवर जाते, किंवा नळ मोठा सोडला तर पाणी कोमटच येतं. स्टोरेजमधलं पाणी २० वरून ६० अंशांना जायला २३० व्होल्टला एकवीस मिनिटं लागतात, १९० ला अर्धा तास. अर्ध्या तासाने मिळणारं पाणी मात्र तितकंच कढत असतं, आणि तेवढंच विसण घालून दोन बादल्या होतात. व्होल्टेज कमी असलेल्या घरात मी डोळे झाकून स्टोरेज सुचवतो.

दुसरी परीक्षा वायरची. डीबीपासून, म्हणजे घरातल्या फ्यूज-स्विचच्या मुख्य पेटीपासून, बाथरूम १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर तार. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला सुमारे ०.४ ओहम रोध होतो. १३ अँपिअरला त्यात पाच व्होल्ट पडतात आणि जवळजवळ ६८ वॅट भिंतीतल्या पाइपात उष्णता होऊन बसतात. ८.७ अँपिअरला हाच आकडा ३० वॅट. करंट दीडपट, उष्णता सव्वादोनपट. म्हणून इन्स्टंटला किमान अडीच स्क्वेअरची स्वतंत्र लाईन, १६ अँपिअरचं सॉकेट आणि वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवाच. जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या खोलीत भिंत फोडता येत नसेल, तर स्टोरेज त्यातल्या त्यात सौम्य. पण सहा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर दोन्हींपैकी काहीच लावू नका. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की लाईन तोडणारा स्विच) दोघांनाही लागतो, त्यात घासाघीस नको.

'तीन हजार वॅट म्हणजे बिल जास्त' हा समज मात्र सोडून द्या. तीच बादली तापवायला दोघांनाही सुमारे ०.३५ युनिट लागतं, एक लवकर देतो, एक उशिरा. फरक पडतो तो न वापरलेल्या पाण्याचा. टाकीतलं गरम पाणी दिवसभर निवत राहतं आणि चालू ठेवला तर गीझर ते पुन्हा तापवतो. स्टोरेजवरचे स्टार याच गळतीवरून दिलेले असतात. एकट्यादुकट्याला, किंवा भांडी घासायला सिंकपाशी पाणी हवं असेल तर इन्स्टंटच बरा.

दुरुस्तीला माणूस आला तर टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरून अँपिअर मोजणारा मीटर, लावायला सांगा. २३० व्होल्टला इन्स्टंट १३ अँपिअर दाखवत असेल, तर कॉइल ठीक आहे, दोष पाण्याच्या प्रवाहात शोधा. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर बसतो, तेव्हाही अँपिअर बदलत नाहीत. कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, आणि एक दिवस ती आतल्या आत जळते. तेव्हा टेस्टरवर काट्याएवढाही करंट येत नाही.

दोन बाथरूमना दोन इन्स्टंट घ्यायचे मनात असेल, तर आधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार, म्हणजे तुमच्या घराला मंजूर केलेले किलोवॅट, वाचा. दोन्ही एकदम चालले तर ६ किलोवॅट, २६ अँपिअर. त्यात इस्त्री किंवा इंडक्शन धरलेलं नाही.