दोन ऑडिओ इंटरफेस, एक संगणक: जोडावेत, वाढवावेत की बदलावेत?

घरच्या स्टुडिओची सुरुवात बहुधा दोन माइकांच्या ऑडिओ इंटरफेसने, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणाने होते. एक माइक गायकासमोर आणि एक पेटीसमोर ठेवून बरेच दिवस भागते. मात्र तबला व डग्ग्याला स्वतंत्र माइक लावायचे ठरले, की चार इनपुट लागतात. अशा वेळी कपाटात पडलेला जुना इंटरफेस आठवतो आणि दोन अधिक दोन चार हा हिशेब सोपा वाटतो. इनपुट मोजायचे असतील तर तो बरोबर आहे. अडचण येते ती वेळेच्या हिशेबात.

प्रत्येक इंटरफेसमध्ये स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे वेळेचे ठोके देणारा स्फटिक असतो आणि सेकंदाला आवाजाची 48,000 मापे म्हणजे सॅम्पल किती नेमकेपणाने घ्यायचे, हे तोच ठरवतो. कोणतेही दोन क्रिस्टल तंतोतंत एकाच गतीने चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत केवळ दहाचा फरक धरला, तरी पाच मिनिटांच्या अभंगाअखेर दोन इंटरफेसमध्ये 3 मिलिसेकंदांचे अंतर पडते. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटीमीटर जातो, म्हणजे अभंग संपेपर्यंत तबलजी आपल्या जागेवरून मीटरभर मागे सरकलेला असतो. अर्ध्या तासाच्या ख्यालात हेच अंतर सहा मीटर होईल, म्हणजे माझ्या खोलीच्या मापाने तो जिन्यात पोहोचेल. गायकाच्या माइकमध्येही तबला शिरतोच, त्यामुळे त्याच्या दोन प्रती एकमेकींवर पडतात आणि ‘ना’ची खणखणीत चाट आधी पोकळ व पुढे दुहेरी ऐकू येऊ लागते.

पहिला पर्याय सॉफ्टवेअरने जोडण्याचा, आणि तो फुकट आहे. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये ॲग्रिगेट डिव्हाइस, म्हणजे अनेक इंटरफेस मिळून एक उपकरण, तयार करता येते, त्यात चांगल्या इंटरफेसला क्लॉकचा (वेळेच्या ठोक्यांचा) स्रोत म्हणून निवडावे आणि दुसऱ्यासमोरच्या ‘ड्रिफ्ट करेक्शन’च्या चौकटीत खूण करावी. मग प्रणाली दुसऱ्या इंटरफेसचे सॅम्पल सतत नव्याने मोजून पहिल्याच्या गतीला आणते. विंडोजवर स्थिती वेगळी आहे, कारण बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसला सॉफ्टवेअरशी जोडणारा दुवा) वापरते. एएसआयओ-फॉर-ऑल दोन इंटरफेस एका ड्रायव्हरखाली दाखवते खरे, परंतु त्यांची क्लॉक एक करत नाही; तसे केबलने न केल्यास अंतर वाढत राहते आणि अधूनमधून ‘टक’ असा आवाजही येऊ शकतो. लिनक्सवर पाइपवायर ही ध्वनिप्रणाली मॅकसारखीच दुरुस्ती करते.

मी स्वतः हा मार्ग विंडोजवर वापरून एका भजनी मंडळाचे सात मिनिटांचे ध्वनिमुद्रण बिघडवले आहे. सुरुवात निर्दोष होती, पण शेवटच्या गजरात टाळ आणि पखवाज वेगळ्या घरांत वाजत असल्यासारखे वाटत होते. तेव्हापासून आधी टाळीची परीक्षा घेतो. दोन्ही इंटरफेसचे एकेक माइक शेजारी ठेवायचे, सुरुवातीला एक टाळी वाजवायची, दहा मिनिटे ध्वनिमुद्रण तसेच चालू द्यायचे, शेवटी दुसरी टाळी वाजवायची आणि दोन्ही ट्रॅकवरील शिखरांमधले अंतर मोजायचे. दोन्ही वेळा ते सारखे असेल, तर तो केवळ ड्रायव्हरच्या विलंबातला ठरावीक फरक असतो आणि ट्रॅक तेवढा सरकवून काम होते. ते वाढले असेल, तर ट्रॅक सरकवून उपयोग नाही.

दुसरा पर्याय ॲडॅटचा, आणि तो माझ्या मते सर्वांत कमी चर्चिला जातो. अलेसिस कंपनीने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिजिटल टेप रेकॉर्डरसाठी आणलेली ही पद्धत एका बारीक ऑप्टिकल केबलमधून 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झला आठ चॅनल नेते. 96 ला चारच. बेहरिंगर एडीए 8200 सारखा आठ माइकांचा प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवून डिजिटल करणारे उपकरण) या केबलने जोडला, की संगणकाला इंटरफेस एकच दिसतो आणि क्लॉकही एकच राहते. त्यासाठी इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉकचा स्रोत ‘ॲडॅट’ करावा लागतो. हे विसरल्यास टकटक ऐकू येते आणि दोष उगाच केबलला दिला जातो. खरी अट आपल्या इंटरफेसला ॲडॅट इनपुट असण्याची आहे. फोकसराइट स्कारलेट 2आय2 ला ते नाही, तर ऑडिएंट आयडी14 ला दोनच माइकांचा असूनही आहे. ऑप्टिकल छिद्र दिसले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण काही उपकरणांत त्यातून फक्त दोन चॅनल नेणारा एसपीडीआयएफ हा वेगळा डिजिटल प्रकार चालतो. पुस्तिका वाचूनच पैसे मोजावेत.

तिसरा पर्याय म्हणजे दोन्ही विकून बेहरिंगर यूएमसी 1820 किंवा स्कारलेट 18आय20 सारखा आठ माइकांचा एकच इंटरफेस घेणे. जुन्या इंटरफेसला पुनर्विक्रीत फारसे मिळत नाही, हे खरे. पण जुळवाजुळवीत जाणारी संध्याकाळ वाचते. आरएमईसारख्या कंपन्यांचा एकच ड्रायव्हर त्यांचे अनेक इंटरफेस चालवतो, तरीही तिथे क्लॉक केबलने जोडावेच लागते.

गाणे, पेटी आणि तबला एकाच खोलीत एकाच वेळी घ्यायचे असतील, तर विंडोजवर पहिल्या पर्यायाच्या वाटेला मी कोणालाही जाऊ देणार नाही. मॅकवर टाळीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास जरूर वापरावा. ॲडॅट इनपुट असेल तर प्रीॲम्प घ्यावा, नसेल तर नवा इंटरफेस. मात्र वाद्ये एकामागून एक घेणाऱ्या, एकट्याने काम करणाऱ्या माणसाला यातले काहीच लागत नाही: त्याने जुना इंटरफेस रियाजाच्या खोलीत ठेवावा आणि दोन इनपुटवर खुशाल काम चालवावे.