परिवीक्षा अधिकाऱ्यांचा कोर्स: सात महिन्यांनंतर

इंदूरमध्ये परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे) आणि सामाजिक कार्यकर्त्यांसाठी शनिवार-रविवारी चालणारा एक कोर्स मी केला. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. सर्टिफिकेट हातात येऊन सात महिने झालेत, म्हणजे कामात काय उपयोगी पडलं ते आता सांगता येईल.

उपयोगी पडलं ते अहवाल लिहिणं. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे त्याच्या घराची-परिस्थितीची माहिती, द्यावा लागतो. त्याचा नमुना क्रमांक 6 मी पूर्वी फटाफट भरायची. वडील व्यसनी, वस्ती वाईट, संगत वाईट. सरावाच्या अहवालात मॅडमनी प्रत्येक 'वाईट'पुढे लाल पेनाने लिहिलं, "कोण म्हणालं?" म्हणाली होती शेजारीण. मग तसंच लिहा, शेजारीण म्हणाली. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, कानावर आलेलं वेगळं.

मध्यंतरी मोबाइलचोरीचं प्रकरण आलं (याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून तपशील फिरवलेत). संध्याकाळी सहाला घरी गेले, तर मुलगा गाढ झोपलेला. पूर्वीची मी 'आळशी' लिहून मोकळी झाले असते. आईला विचारलं, तर पहाटे तीनला उठून तो चोइथराम मंडीत कांद्याच्या गोण्या उतरवायला जातो. खांद्याची सालटं निघाली होती. शाळा का सुटली, हे मग वेगळं विचारावं लागलं नाही.

आता तक्रारी. 1958 चा परिवीक्षा कायदा एका तासात गुंडाळला. कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलेल्या माणसावर देखरेख कशी ठेवायची, तो कामावरून पळाला तर न्यायालयाला कधी कळवायचं, काही नाही. उदाहरणं सगळी दिल्लीची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मार्गदर्शन मिळेल म्हणाले होते, तिथे आता फक्त सुप्रभात येतं.

आणि चहा! घरभेटीला गेलं की आपल्याकडे पाण्याच्या पेल्यामागोमाग चहा येतोच, कधीकधी शेजारून दूध उसनं आणून. नाही म्हटलं तर बाई खट्टू होते, घेतला तर कुणी म्हणेल अहवाल चहावर लिहिला. वर्गात मी हे विचारलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या रविवारी बोलू. पुढच्या रविवारी परीक्षा होती.

नव्याने रुजू झालेल्यांनी अहवालाच्या चार तासिकांसाठी तरी करावा. मी चहा घेते, अर्धा कप.