हिरवा ठिपका आणि रिकामी खुर्ची : एका क्लाउड कॉल सेंटर यंत्रणेचे परीक्षण

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतून चादरी आणि टॉवेल घाऊक विकणाऱ्या आमच्या पेढीने ऑर्डर व तक्रारींच्या फोनसाठी इंटरनेटवरून चालणारी एक क्लाउड कॉल सेंटर यंत्रणा भाड्याने घेतली आहे. पुढे यंत्रणेचे दोषही सांगायचे असल्याने पुरवठादाराचे नाव देत नाही. फोन घेणारा कोणता कर्मचारी, म्हणजे एजंट, मोकळा आहे हे यंत्रणेला कसे कळते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

एजंटची स्थिती दोन ठिकाणांहून ठरते. 'अव्हेलेबल' किंवा 'ब्रेक' तो स्वतः निवडतो. 'ऑन कॉल' आणि फोन ठेवल्यानंतर नोंदी भरण्यासाठीचा 'रॅप-अप' यंत्रणा आपणहून लावते. नवा फोन, अव्हेलेबल असलेल्यांपैकी जो सर्वांत जास्त वेळ मोकळा बसला आहे, त्याच्याकडे जातो. आमच्याकडे मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत फोन येतात आणि प्रत्येक एजंटच्या नावावर त्याच्या भाषा नोंदवता येतात. ही सोय उत्तम चालते.

दोष आहे तो एजंट अव्हेलेबल असल्याचे दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्यात. एजंटच्या संगणकावरचा ब्राउझर ठरावीक अंतराने सर्व्हरला संकेत पाठवत असतो आणि ते काही काळ आले नाहीत तरच यंत्रणा त्याला 'ऑफलाइन' धरते. एका दुपारी वीज गेली तेव्हा संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिले, मात्र त्यावर न जोडलेला राउटर बंद पडला. त्या वेळी तेलुगू बोलणारा एकच एजंट कामावर होता. मोबाइलवर डॅशबोर्ड उघडला, तर त्याच्या नावापुढचा ठिपका अजून हिरवाच होता आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन त्याच्याकडे वाजत होता. कोणी उचलला नाही म्हणून तो रांगेत परतला आणि पुन्हा त्याच्याकडेच गेला, कारण यंत्रणेच्या लेखी तो अजून अव्हेलेबलच होता आणि तेलुगू बोलणारा दुसरा कोणी नव्हता. यावर उपाय नवा नाही. अ‍ॅस्टेरिस्क या फोन यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये फोन न उचलणाऱ्याला आपोआप थांबवणारा 'ऑटोपॉज' आहे, तर जेनेसिस क्लाउड ही कॉल सेंटर यंत्रणा अशा एजंटची स्थिती 'नॉट रिस्पॉन्डिंग' करून त्याला पुढचे फोन देणे थांबवते. आमच्या यंत्रणेतही ही सोय होती, पण ती मुळात बंद ठेवलेली होती आणि ती कुठे आहे हे सांगायला मदत कक्षाने तीन ई-मेल घेतले.

रॅप-अपबद्दल मात्र समाधान आहे. त्याची मुदत रांगेनुसार बदलता येते. ऑर्डरच्या फोननंतर डिझाइन, माप, नग आणि ट्रान्सपोर्टचे नाव भरायचे असते. आधीच्या 30 सेकंदांत ते पुरे होत नसे आणि ट्रान्सपोर्ट लिहीत असतानाच पुढचा फोन वाजे. आता ती मुदत 60 सेकंद आहे.

ब्रेकच्या कारणांची तयार यादी भलतीच लांब होती. आम्ही जेवण, चहा, गोदाम आणि मीटिंग एवढीच ठेवली, कारण यादी वाढली की माणसे पहिले सापडेल ते कारण दाबतात. सुपरवायझरला दुसऱ्याची स्थिती आपल्या पडद्यावरून बदलता येते आणि ती कोणी बदलली याची नोंदही राहते, हे विशेष आवडले.

ऑक्युपन्सीचा, म्हणजे एजंट किती वेळ कामात गुंतला होता याचा, अहवाल जपून वापरावा. बोलण्याचा आणि रॅप-अपचा वेळ, भागिले तोच वेळ अधिक मोकळा वेळ, असे त्याचे साधे गणित आहे. त्यामुळे राउटर बंद असतानाची मिनिटे मोकळा वेळ म्हणून धरली गेली आणि त्या एजंटचा आकडा विनाकारण घसरला. या आकड्यावर कोणाचा पगार ठरवणार असाल, तर ही यंत्रणा घेऊ नये. फोन वाटण्यापुरती हवी असेल, तर जरूर घ्यावी. मात्र पहिल्याच दिवशी न उचललेल्या फोनची ती सोय चालू करून घ्यावी आणि राउटर इन्व्हर्टरवर जोडावा.