ट्यूपल, लिस्ट की डेटाक्लास? पायथनमध्ये नोंद कशात ठेवावी

लिस्ट आणि ट्यूपल दोन्हींत गोष्टी ओळीने ठेवता येतात; ट्यूपल मात्र एकदा केला की बदलत नाही. म्हणून 'डेटा बदलणार असेल तर लिस्ट, नसेल तर ट्यूपल' हे उत्तर सगळीकडे मिळतं. चूक नाही, पण अपुरं आहे. मी आधी एवढंच बघते: जागेला अर्थ आहे का? गावांच्या यादीत तिसरं गाव पाचव्या जागी गेलं तरी काही बिघडत नाही, तिथे लिस्टच हवी. पुण्याचे अक्षांश-रेखांश (१८.५, ७३.९) उलटे लिहिले, तर मात्र आपण थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पोचतो. अशी जोडी ट्यूपलमध्येच शोभते.

ट्यूपल डिक्शनरीची 'की' (जिच्यावरून नोंद शोधायची ती खूण) म्हणूनही चालतो. अंतरांच्या तक्त्यात ('पुणे', 'नाशिक') ही जोडी बिनधास्त की करा. तिथे लिस्ट दिलीत तर टाइपएरर येईल. पण ट्यूपलच्या पोटात लिस्ट ठेवली, तर ती आतली लिस्ट बदलता येतेच, आणि मग तो ट्यूपल की म्हणून चालत नाही.

नव्याने शिकणारे हमखास अडकतात ते इथे:

गावे = ('पुणे')

हा ट्यूपल नव्हे, साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर आहे. त्यावर लूप फिरवला की एक गाव मिळत नाही, चार तुकडे मिळतात: प, उकार, ण, मात्रा. कंसाने ट्यूपल होत नाही, स्वल्पविरामाने होतो:

गावे = ('पुणे',)

फंक्शनमधून दोन किमती (व्हॅल्यू) परत करायच्या असतील तर साधा ट्यूपल पुरे. चार-पाच घरं झाली, की चौथ्या घरात पिनकोड होता की तालुका, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. तिथे नेम्डट्यूपल घ्या. तो २००८ पासून, म्हणजे पायथन २.६ पासून आहे. घरांना नावं मिळतात, आणि मेमरी साध्या ट्यूपलइतकीच लागते. खोट एकच: किमती सारख्या असल्या की दोन वेगळ्या प्रकारच्या नोंदीही तो समान मानतो. (१८.५, ७३.९) हे ठिकाण आहे की दोन तापमानं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

डेटाक्लास, म्हणजे नाव दिलेल्या घरांचा क्लास, २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये आला. दोन नोंदी समान आहेत का हे ठरवताना तो त्यांचा प्रकारही तपासतो, आणि किमती बदलूही देतो. बदल नको असेल तर 'फ्रोझन' करता येतो. नवा प्रकल्प असेल तर मी तोच निवडेन. पण जुन्या कोडमध्ये शंभर ठिकाणी ट्यूपल उलगडून (एकेक किंमत वेगळ्या नावात) घेतला असेल, तर आधी नेम्डट्यूपल आणा. उलगडणाऱ्या त्या ओळी जशाच्या तशा चालतील, नावं सवडीने वापरात आणता येतील.