लाबोचं व्हरायटी किट की रोबो किट?

गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर ज्यांनी घरी केलंय, त्यांना निन्टेन्डो लाबोचं खोकं उघडलं की लगेच ओळख पटेल. लाबो म्हणजे निन्टेन्डोच्या स्विच या गेम खेळायच्या यंत्राला जोडून खेळायची, घरीच बनवायची पुठ्ठ्याची खेळणी. खोक्यात नुसते सपाट पुठ्ठे. कापलेले, घडीच्या रेघा पाडलेले. कात्री नको, डिंक नको. एप्रिल २०१८ मध्ये ही दोन्ही किट एकदमच आली. भाचीकडे व्हरायटी आहे, शेजाऱ्यांकडे रोबो. दोन्ही जोडायला मी मांडी घालून बसले होते.

व्हरायटीत पाच वस्तू होतात: थरथरत पळणारी गाडी, गळ, घर, मोटरसायकल आणि पियानो. गाडी दहा मिनिटांत उभी राहते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करा. पोरांना लगेच हुरूप येतो. तिला चाकं नाहीत. तिच्या अंगाला लावलेले दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे स्विचचे सुटे होणारे कंट्रोलर, थरथरतात आणि त्या थरथरीवरच ती पुढे सरकते. पियानोला मात्र तीन तास धरून चाला. तेरा पट्ट्या, प्रत्येकीच्या मागे चकाकणारी चिकटपट्टी. उजव्या जॉय-कॉनचा इन्फ्रारेड कॅमेरा कुठली पट्टी हलली ते टिपतो आणि सूर वाजतो. भाचीने मागून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, आत तर काहीच नाहीये!" मला हे किट आवडलं ते याच क्षणासाठी.

रोबोत एकच वस्तू: पाठीवरची पिशवी, डोक्याला टोप, हातापायांना दोऱ्या. जोडायला तीन-चार तास, आणि तेवढा वेळ हातात खेळायला काहीच नाही. पण एकदा अंगावर चढवलं की मजा खरी. मूठ मारली की पडद्यावरचा अवाढव्य रोबोही मूठ मारतो, इमारती कोसळतात. अडचण जागेची. वन रूम किचनमध्ये टीपॉय उचलून पलंगावर ठेवावा लागतो, आणि खालच्या मजल्यावर पाय आपटल्याचा आवाज जातो तो वेगळाच.

दोन मुलं असतील, घर लहान असेल, तर डोळे मिटून व्हरायटी घ्या. रोबो एकट्या, जरा मोठ्या मुलासाठी, तेही हॉल मोकळा असेल तरच.

आपल्याकडे खरी काळजी पावसाळ्याची. जुलैच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो. आमच्या गळाचा दांडा वाकला, कारण तो आठवडाभर गॅलरीच्या दाराशी उभा होता. जोडलेल्या वस्तू मोठ्या पिशवीत घालून कपाटावर ठेवा.

आणि एक: स्विच लाइट, म्हणजे स्विचचं छोटं मॉडेल, असेल तर यातलं काही घेऊ नका, त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. जुनं किट घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच खोकं उघडा. गेमचं कार्ड, दोऱ्या आणि चकाकणाऱ्या पट्ट्या आहेत ना, ते पाहा. फाटका पुठ्ठा मागून पट्टी लावून चालवता येतो, पण कार्ड नसेल तर हातात राहतो तो नुसता पुठ्ठाच.